पदवीचा दीड वर्षाचा वापर: काय टिकलं, काय विरलं

सिव्हिल इंजिनिअरिंगची पदवी हातात येऊन दीड वर्ष झालं, आणि तेव्हापासून मी साइटवर आहे. निकालाच्या दिवशी कुणी कॉलेजबद्दल विचारलं असतं तर मी मार्क आणि प्लेसमेंट यांवरच बोलले असते. आज दोन्हींचा उल्लेखही करावासा वाटत नाही.

सगळ्यात जास्त कामी आलं ते शेवटच्या वर्षाचं प्रोजेक्ट. काँक्रीटचे १५० मिलिमीटरचे क्यूब म्हणजे चौकोनी ठोकळे साच्यात भरायचे, ७ आणि २८ दिवसांनी मशिनमध्ये दाबून फोडायचे, किती भाराला फुटले ते आकडे लिहायचे. एक क्यूब बाकीच्यांपेक्षा बऱ्याच कमी भाराला फुटला. तक्ता नीट दिसावा म्हणून मी तो वगळायला निघाले होते. गाईड सर म्हणाले, "आकडा राहू दे. तो असा का आला ते शोध." तुकडे पुन्हा तपासले तेव्हा कळलं, थापीने सारखी केलेली बाजू मी मशिनच्या प्लेटखाली ठेवली होती. भार यायला हवा तो साच्याला टेकलेल्या गुळगुळीत बाजूंवर. खडबडीत बाजूवर तो सगळीकडे सारखा बसत नाही, म्हणून चांगल्या काँक्रीटचाही आकडा पडतो.

नोकरीच्या नवव्या महिन्यात एका स्लॅबच्या काँक्रीटमधून भरलेल्या क्यूबचे २८ दिवसांचे निकाल कमी आले. कुणी म्हणे निकाल बाजूला ठेवा, कुणी म्हणे स्लॅब तोडा. मी आधी विचारलं, क्यूब पाण्यात किती दिवस होते? ते उन्हात कोरडेच पडून राहिले होते, आणि पाणी न मिळालेल्या काँक्रीटला पुरती ताकद येत नाही. मग स्लॅबमधूनच कोअर, म्हणजे ड्रिलने कापलेले गोल नमुने, काढून तपासले, ते ठीक निघाले. ही विचारायची सवय मला कुठल्याही पेपरने लावली नव्हती, ती सरांनी लावली.

गॅलप ही पाहण्या करणारी संस्था आणि पर्ड्यू विद्यापीठ यांनी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या ३०,००० हून अधिक पदवीधरांची पाहणी केली, तिच्यात हेच दिसतं. आपुलकीने लक्ष देणारा शिक्षक, शिकण्याची ओढ लावणारा शिक्षक आणि स्वप्नांना बळ देणारा मार्गदर्शक ज्यांना लाभले, त्यांचं पुढे कामात मन रमण्याची शक्यता दुपटीहून जास्त होती. हे तिन्ही ठामपणे मिळालं म्हणणारे मात्र फक्त १४ टक्के. कॉलेजच्या नावाने त्यामानाने फारच थोडा फरक पडत होता. मला एक सर मिळाले, आणि ते मी नशीब समजते. ते नशिबावर सोडलेलं असतं याचा मला रागही येतो.

आता उणीव. बिलं, मोजमापं, कंत्राटातल्या अटी हे सगळं आमच्याकडे सत्राच्या शेवटच्या दोन आठवड्यांत उरकलं गेलं. साइटवर माझा निम्मा दिवस त्यातच जातो. पहिले चार महिने मी रोज रात्री बसून ते शिकले. पाठ केलेल्या सिद्धता बहुतेक विसरले, त्याचं दुःख नाही.

नोकरीची खबर मला जवळच्या मैत्रिणींकडून नाही, लॅबमध्ये दोनदा भेटलेल्या एका सीनियरकडून मिळाली. समाजशास्त्रज्ञ मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ मध्ये मांडलं होतं की, जुजबी ओळखीचे लोक वेगळ्या वर्तुळात वावरतात, म्हणून नवी माहिती त्यांच्याकडून येते. कॉलेज निवडणाऱ्यांना मी म्हणेन, तिथली लॅब किती वाजेपर्यंत उघडी असते ते आधी विचारा.

मागच्या महिन्यात सरांना फोन करून कोअरचे आकडे सांगितले. ते म्हणाले, "कोअर नेमके कुठून काढले?" नकाशा समोर ठेवूनच मी फोन लावला होता.