चांदी धुण्याचं ‘डिप’: एक पावसाळा वापरल्यावर

उन्हाळ्यात घेतलेली बाटली आता निम्म्यावर आलीय, म्हणून लिहिते. साधी साखळी, जोडवी, बाळाचे वाळे यांच्यासाठी तक्रार नाही. बुडवायचं, काढायचं, भरपूर पाण्याखाली धरायचं, पांढरं स्वच्छ. वास उग्र आहे, खिडकी उघडी ठेवावी लागते. सुरुवातीला मी शेजारणींना बोलावून दाखवत होते.

घेतली ती घटीच्या, म्हणजे पॉलिशमध्ये कमी होणाऱ्या वजनाच्या, रागानं. कोल्हापूरच्या गुजरीत, सराफ बाजारात, पॉलिशला टाकलं की मजुरी वेगळी आणि घट वेगळी. चांदी किलोला लाखाच्या वर गेल्यापासून मी काट्यावरून नजर काढत नाही.

मग पैंजण बुडवले. लग्नातले, हुपरीचे, मोराच्या नक्षीचे, घुंगरांचे. मोर गेले! म्हणजे आहेत, पण दिसत नाहीत. नक्षीच्या खाचांत कारागिरानं मुद्दाम काळं धरलेलं असतं, त्यावरच नक्षी उठते. कस्टमर केअरला फोन केला तर उत्तर, ‘मॅडम, आमचं प्रॉडक्ट काळेपणाच काढतं.’ आता यावर काय बोलायचं? बाटलीवर बारीक अक्षरात ‘ऑक्सिडाइज्ड दागिन्यांना वापरू नये’ एवढी ओळ छापायला काय जात होतं?

पण माझं खरं भांडण घुंगरांशी आहे. घुंगराची फट केसाएवढी. द्रव आत जातं, बाहेर येत नाही. नळाखाली धरा, हलवा, झटका, आत थेंब राहतोच, आणि तो आम्लाचा थेंब आहे. दुसऱ्या दिवशी पायात घातले तर आवाज बसलेला, आणि मोज्यावर पिवळट डाग. कोमट पाण्यात ठेवून, टेबल फॅनसमोर टांगून, पुन्हा पाण्यात घालून बघितलं. काही घुंगरं अजून खुळखुळत नाहीत, नुसती खट् करतात. बाटलीच्या चित्रात मात्र घुंगरांचेच पैंजण आहेत.

या रागात डिपमध्ये असतं काय ते वाचलं. आम्ल आणि थायोयुरिया नावाचं रसायन. चांदी काळी पडते ती हवेतल्या गंधकामुळे, वर सिल्व्हर सल्फाइडचा थर बसतो. डिप तो थर विरघळवतं, आणि थरात गेलेली चांदीही त्याच्याबरोबर बाटलीत उतरते. म्हणजे गुजरीतली घट वाचवायला आणलेली बाटली घरी बसून घटच खातेय. मिलिग्रॅमचा मामला असेल, पण पैसे देऊन?

आता माळ्यावरचं जर्मनचं, म्हणजे ॲल्युमिनियमचं, पातेलं काढलंय, पोचे पडलेलं, स्वयंपाकातून बाद केलेलं. लिटरभर कडकडीत पाणी, एक मोठा चमचा खाण्याचा सोडा, तेवढंच मीठ. दागिना पातेल्याला टेकलाच पाहिजे, नाहीतर काही होत नाही. ॲल्युमिनियम गंधक ओढून घेतं आणि चांदी जागेवरच राहते. फॉइलचा रोल विकत आणायचीही गरज नाही. पातेलं काळं पडतं, पडू दे.

यातही खोडी आहेत. कुजक्या अंड्याचा वास सुटतो. देवाचं निरांजन त्यात घातलं त्या दिवशी सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, देवाला अंड्याचा वास कशाला?’ तेव्हापासून देवाची भांडी रिठ्याच्या पाण्यानंच. झिलई डिपइतकी येत नाही, मऊ सुती कापडानं घासावं लागतं. हलक्या चांदीत तांबं जास्त असतं, त्याचा काळपटपणा यानं फारसा जात नाही. लाख भरलेले तोडे किंवा मोती जडवलेलं काही गरम पाण्यात घालू नका. आणि नक्षीतलं काळं इथंही जातं, हे आधी कळलं नव्हतं. नक्षीच्या दागिन्याला रिठा आणि मऊ ब्रश, एवढंच.

घुंगरांना सोड्याचं पाणीही आत राहतंच, पण ते निदान आम्ल नाही.

ठेवताना कोरडे करून हवाबंद पिशवीत, आत खडूचा तुकडा. रबरबँड लावू नका, रबरातही गंधक असतं.

डिपला पाचपैकी दोन, तेही वाळ्यांमुळे. उरलेली निम्मी बाटली निम्म्या किमतीत द्यायची आहे. राजारामपुरीत येऊन न्यावी, पैंजण घरी ठेवून.