बंदुकीच्या दस्त्यावरचं जेल पॅड: आठ महिन्यांनंतर, आणि एका इंचाची गोष्ट

ऑक्टोबरच्या शेवटच्या सरावाहून लेक घरी आली तेव्हा तिच्या जॅकेटच्या उजव्या खांद्यावर हाताएवढा काळा डाग होता. बायको म्हणाली ग्रीस असेल. मी बोटाने चाचपलं तर बोट चिकटलं. पॅड पाघळत होतं. 40 डॉलर मोजून मार्चमध्ये घेतलेलं, बंदुकीच्या दस्त्यावर (खांद्याला टेकतो तो मागचा भाग) धक्का कमी व्हावा म्हणून मोज्यासारखं चढवायचं जेल पॅड. उन्हाळाभर मी त्याची तारीफ करत फिरलो, तीन जणांना घ्यायला लावलं. त्या तिघांची आधी माफी मागतो.

आम्ही अमेरिकेत, मिनेसोटात. इथे शाळांच्या मुलांची हवेत उडणाऱ्या मातीच्या तबकड्या फोडायची लीग 2001 पासून चालते. लेक नववीत, उंची पाच फूट एक इंच, अंगाने काटकुळी. सुरक्षिततेचं प्रमाणपत्र तिने काढलं आणि मी, खर्च वाचवायचा म्हणून, ऑफिसातल्या एकाची 20 बोअरची पंप बंदूक मागून आणली. बोअर म्हणजे नळीची रुंदी, आणि आकडा मोठा तितकी नळी बारीक. बोअर लहान म्हणजे धक्का लहान, असा माझा हिशेब. आमच्या काकांकडे कोकणात रानडुकरांसाठी परवान्याची बारा बोअर होती. ती 'लाथ मारते' हे लहानपणापासून ऐकलेलं, त्यामुळे बारा नको एवढंच डोक्यात.

पहिल्या दिवशी 25 तबकड्यांची एक फेरी. दुसऱ्या दिवशी आंघोळीनंतर तिने बाही वर करून दाखवलं: दंडाच्या वरच्या भागात जांभळाच्या रंगाचा वण. त्याच रात्री मी पॅड मागवलं.

पॅडने फरक पडला का? पहिल्या आठवड्यात मी 'हो' म्हणालो असतो. दुखणं कमी झालं, पण वण तिथेच, उलट दोन बोटं बाहेर सरकलेला. शेवटी प्रशिक्षकबाईंनी विचारलं, "वण खांद्यावर आहे की दंडावर?" दंडावर म्हटल्यावर त्या हसल्या. दस्ता लांब पडला की मुलं तो खांद्याच्या खोबणीत बसवू शकत नाहीत, तो घसरून दंडावर टेकतो आणि तिथेच आदळतो. मोठ्या माणसाच्या बंदुकीत चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंत सव्वाचौदा इंचांच्या आसपास अंतर असतं. माझ्या पॅडने त्यात वर एक इंच घातला होता. त्यातून एप्रिल महिना, अंगात जाड जॅकेट, म्हणजे अजून अर्धा इंच. धक्का कमी करायला पैसे मोजून मी तिची बंदूक आणखी लांब करून ठेवली होती!

तेव्हापासून मला या इंचाचं वेड लागलंय, बायको साक्ष देईल. खोक्यावर जेलची जाडी, थरांची रचना, प्रयोगशाळेतली टक्केवारी, सगळं छापलंय. 'याने दस्ता एक इंच लांब होतो' एवढं कुठेच नाही. कोपराच्या खोबणीपासून बोटापर्यंत मोजायची जुनी पद्धत आहे, तिच्यावर विसंबू नका. बंदूक खांद्याला लावून गाल दस्त्यावर टेकवायचा आणि नाक व अंगठा यांच्यात साधारण दोन बोटांची फट राहते का पाहायचं. आणि हे ज्या कपड्यात नेम धरायचा, त्याच कपड्यात.

दुसरी चूक बोअरची. ती बंदूक जेमतेम सहा पौंडांची. काडतूस तेच असेल तर बंदूक जितकी जड, तितकी धक्क्याची ऊर्जा कमी. वजन दुप्पट तर ऊर्जा निम्मी. तबकड्यांच्या 20 बोअर काडतुसात साधारण 25 ग्रॅम छर्रे असतात, आणि तेवढ्याच छर्ऱ्यांचं हलकं काडतूस 12 बोअरमध्येही मिळतं. ऑलिंपिकमधले नेमबाजसुद्धा 24 ग्रॅमच वापरतात. दुकानात डोळे झाकून उचललं जातं ते 32 ग्रॅमचं. मग मे महिन्यात जुनी, गॅसवर चालणारी, आठ पौंडांची बारा बोअर घेतली. यात काडतूस उडताना होणारा थोडा गॅस वळवून पुढचं काडतूस भरणारी यंत्रणा ढकलली जाते, त्यामुळे धक्का एकदम न बसता पसरून बसतो. लेकीचं वर्णन: "आधी कोणीतरी बुक्की मारायचं, आता ढकलतं."

आणि इथे पॅडबद्दलचं माझं मत पालटलं. या बंदुकीच्या दस्त्यातल्या चकत्या काढल्या की लांबी साडेबारावर येते. तिला ती तोकडी, अंगठा नाकावर आपटायचा. त्यावर हेच पॅड चढवलं, साडेतेरा. बरोबर बसलं. जूनअखेर दंडावर काहीही नाही, 50 पैकी 41 तबकड्या, आणि मी गावभर तारीफ सुरू केली.

बारा बोअरच्या तक्रारीही आहेत. 50 तबकड्या म्हणजे आठ पौंड 50 वेळा उचलणं. दुसऱ्या फेरीत तिचा डावा हात थकतो, नळी खाली झुकते. आतला दट्ट्या काजळला की हलक्या काडतुसांना यंत्रणा पुरती मागे जात नाही, रिकामं टरफल दारात अडकतं. साफसफाई आता तिच्याकडे. शिवाय टरफल उजवीकडे उडून शेजारच्या मुलाच्या कानावर बसतं; त्यासाठी छोटी पट्टी मिळते, ती लावा, दोस्ती टिकेल.

फुकटातला फायदा मात्र कानांचा झाला. प्रशिक्षकबाईंनी तिला न सांगता मध्येच एक खोटं काडतूस भरलं. चाप ओढला, आवाज नाही, धक्का नाही, तरी नळी खाली आपटली आणि डोळे मिटले. म्हणजे ती धक्क्याला नाही, धक्क्याच्या आणि आवाजाच्या अंदाजाला घाबरत होती. कानात बोळे आणि वरून कर्णरक्षक असं दुहेरी सुरू केलं, नाक पायाच्या बोटांच्या पुढे येईल इतकं पुढे झुकून उभं राहायला शिकवलं. तीन आठवड्यांत डोळे उघडे राहू लागले.

आता कंपनीचं. पॅड पाघळल्याचं कळवलं. आधी फोटो मागितला, मग पावती, मग जॅकेटचाही फोटो. नऊ दिवसांनी उत्तर: उष्णतेने झालेली हानी हमीत बसत नाही, गाडीच्या डिकीत ठेवलं होतं का? ठेवलं होतं, जुलैत, सरावाला नेताना. बंदुकीचं सामान डिकीत नाही तर काय देवघरात ठेवायचं? 'सौजन्य म्हणून' नवं देऊ म्हणाले, पाठवणावळ 12 डॉलर माझी. 12 डॉलर देऊन पुढच्या जुलैत तेच पुन्हा. नाही घेतलं. दस्त्याच्या मापाने घासून पक्कं बसवायचं अर्ध्या इंचाचं साधं रबर आणलं, 18 डॉलर, आणि काढून ठेवलेली अर्ध्या इंचाची चकती परत घातली. साडेतेरा.

जॅकेटचा डाग गेला नाही. पॅड मी टाकलेलं नाही. वॉशिंग मशिनचा एक पाय हलायचा, त्याच्याखाली कापून घातलंय. चिकट असल्याने तिथून हलत नाही.