एक कान उघडा ठेवून: रियाज आणि रेकॉर्डिंगच्या हेडफोनचा नऊ महिन्यांचा अनुभव

गेल्या नऊ महिन्यांत दोन हेडफोन वापरले, पाचव्या महिन्यापासून आलटून पालटून. एक क्लोज्ड-बॅक, म्हणजे कानावरच्या वाटीची पाठ बंद असलेला, आणि एक ओपन-बॅक, ज्याच्या पाठीला जाळी असते. दोन्ही वायरचे. त्याआधी दीड महिना एक वायरलेस जोडी वापरली, ती आता फक्त फिरायला जाताना बाहेर निघते. मी गातो, सोबत स्वतःच हार्मोनियम धरतो आणि एक कंडेन्सर माइक व एक छोटा ऑडिओ इंटरफेस (माइक आणि हेडफोन कॉम्प्युटरला जोडणारी डबी) एवढ्या भांडवलावर घरीच रेकॉर्ड करतो. तेव्हा हे सगळं गाणाऱ्याच्या कानातून आलेलं आहे. ड्रम वाजवणाऱ्याला यातलं निम्मं लागू पडणार नाही. माझ्या जोड्यांचं कंपनी-मॉडेल सांगत बसत नाही, कारण जे कळलं ते मॉडेलपेक्षा जातीबद्दल जास्त आहे.

वायरलेसची चूक मी अगदी साग्रसंगीत केली. खोक्यावर ‘स्टुडिओ’ लिहिलेलं, आवाज भरदार, बॅटरी दिवसभर पुरणारी. नुसता तानपुरा लावून बसलो तर तक्रारीला जागाच नव्हती. तानपुरा पाव सेकंद उशिरा कानात आला म्हणून कुणाचं काय बिघडतं? ठेक्यासोबत गातानाही बिघडत नाही, कारण आपण जे ऐकतो त्याच लयीला धरून गातो. घोळ झाला तो रेकॉर्ड करताना. गाताना सम चपखल येत होती आणि परत ऐकलं की प्रत्येक सम घसरलेली. दोन दिवस मी स्वतःच्या तालाला दोष देत होतो. ब्लूटूथवर साध्या एसबीसी कोडेकने (कोडेक म्हणजे आवाज आवळून पाठवायची पद्धत) आवाज कानापर्यंत यायला साधारण १५० ते २५० मिलिसेकंद लागतात. मिनिटाला २४० मात्रांच्या द्रुत लयीत एक मात्रा २५० मिलिसेकंदांची होते. म्हणजे माझी सम जवळपास अख्खी मात्रा मागे पडत होती, आणि गाताना ते कळायला काही मार्गच नव्हता. टेक उचलून पुढे सरकवला की जुळतो, पण उशीर दर वेळी तेवढाच असेल याची खात्री नाही. स्वतःचा आवाज त्याच हेडफोनमधून ऐकायचा म्हटलं तर आणखी पंचाईत: आपण ‘सा’ लावून पुढे गेलेलो आणि मागून ‘सा’ येतोय. शिवाय त्या हेडफोनचाच माइक चालू केला की ब्लूटूथ फोनवर बोलण्याच्या पद्धतीवर उतरतं आणि तानपुरा जुन्या टेलिफोनमधून आल्यासारखा चिरका, मोनो होतो. कमी उशिराचे कोडेक आहेत, पण ते हेडफोन आणि समोरचं यंत्र दोघांतही लागतात. मी वाद घालत बसलो नाही, वायर घेतली.

क्लोज्ड-बॅक आला तेव्हा वाटलं, सुटलो. पहिल्या आठवड्यात तर मी त्याचं कौतुक जो भेटेल त्याला ऐकवत होतो. मग दुसऱ्या महिन्यात एक संथ गाणं रेकॉर्ड केलं. शेवटी आवाज खालच्या पंचमावर आठ-दहा सेकंद विरत जातो, अशी जागा होती. टेक मनासारखा आला. रात्री मिक्स करताना कॉम्प्रेसर (मोठ्या आणि बारीक आवाजातला फरक कमी करणारं साधन) लावला आणि त्या विरत जाणाऱ्या पंचमाच्या पोटातून बारीक ‘टिक... टिक...’ ऐकू यायला लागलं. कॉम्प्रेसर लावून पातळी वाढवली की बारीकसारीक आवाज वर येतात; तसा माझ्या डाव्या वाटीतून निसटून माइकमध्ये गेलेला मेट्रोनोमही, म्हणजे लय धरायला कानात लावलेला क्लिकही, वर आला. गुन्हेगार सापडला तो माझ्याच नाकावर. चष्म्याची जाड काडी पॅड आणि कानशिलाच्या मध्ये येत होती आणि तिथे काडीएवढी फट राहत होती. त्या फटीतून क्लिक बाहेर जात होता आणि आत काय होत होतं तेही नंतर ध्यानात आलं: डाव्या कानाला खर्ज कमी ऐकू येत होता. पॅड नीट बसलं नाही की सगळ्यात आधी खालचे स्वर पळतात.

आता मी टेकच्या आधी अर्धं मिनिट एक उपद्व्याप करतो. हेडफोन घालायचा, क्लिक नेहमीच्या आवाजात सुरू करायचा, माइकसमोर गाण्याच्या जागी गप्प बसून रेकॉर्ड करायचं. मग ते रेकॉर्डिंग भरपूर वाढवून ऐकायचं. काय झिरपतंय ते तिथेच कळतं. रेकॉर्डिंगपुरता पातळ काडीचा जुना चष्मा काढला, क्लिकचा टोकदार ‘टिक’ बदलून ठोकळ्यासारखा बोदा आवाज ठेवला आणि शेवटच्या स्वराच्या आधी क्लिक बंद होईल असं लावून ठेवलं. या तीनपैकी कुठल्याही गोष्टीसाठी नवा हेडफोन लागला नाही.

पण खरी गोष्ट पुढची आहे, आणि ती कळायला मला चार महिने लागले. रियाजातही मी तोच क्लोज्ड-बॅक घालत होतो. घरच्यांना तानपुऱ्याचा त्रास नको, हे एक कारण. दुसरं कारण कबूल करायला हरकत नाही: त्यात माझा आवाज मला फार छान वाटायचा. गोल, भारदस्त, मंद्रात तर घुमारा असा की बस. त्याच दिवसांचं रेकॉर्डिंग ऐकलं तर मंद्रातला आवाज बारीक, पुसट आणि षड्ज किंचित उतरलेला. हा घुमारा कुठून येतो ते बघायचं असेल तर आत्ता दोन्ही तळव्यांनी कान घट्ट झाकून ‘म्म्म’ असा गुंजारव करा. आवाज एकदम डोक्यात भरतो. आपला आवाज आपल्याला हवेतून येतो तसा हाडांतूनही येतो. हाडांतून आलेली कंपनं एरवी कानाच्या नळीतून बाहेर निसटतात. कान बंद असला की ती आतच कोंडतात आणि खालचे स्वर फुगतात. म्हणजे हेडफोन मला माझा आवाज फुगवून देत होता आणि मी त्या भरवशावर दम कमी लावत होतो. वरून तानपुरा मोठा ठेवायची सवय. तानपुऱ्याच्या त्या भिंतीआड आपला स्वर जुळलाय की नुसता बुडलाय, हे ओळखता येत नाही.

माझी धाकटी बहीण व्हायोलिन शिकते. तिला तोच हेडफोन दिला तर दोन मिनिटांत काढून ठेवला. म्हणाली, “दादा, हे डबे कानावर असले की माझं व्हायोलिन शेजारच्या खोलीत कुणीतरी वाजवतंय असं वाटतं.” तिची अडचण माझ्या बरोब्बर उलटी होती. माझा आवाज फुगत होता, तिचं वाद्य दबत होतं, कारण व्हायोलिनचा झळाळ हवेतून येतो आणि तोच बंद वाटी अडवते. तिने डावी वाटी कानामागे सरकवली आणि प्रश्न मिटवला. स्टुडिओत गाणारी मंडळी एक कान उघडा ठेवून उभी असतात ते फोटोसाठी असावं, अशी माझी समजूत होती. ती त्या दिवशी गेली.

एक कान उघडा ठेवताना मात्र एक पथ्य आहे. सरकवलेली वाटी हवेत लटकत राहिली तर ती माइकसमोर ठेवलेला छोटा स्पीकरच होते. म्हणून इंटरफेसच्या सॉफ्टवेअरमध्ये हेडफोनचा सगळा आवाज उजवीकडेच वळवायचा, आणि डावी वाटी गप्प करून डोक्याला टेकवून ठेवायची.

ओपन-बॅक घेतला तो पाचव्या महिन्यात, रियाजासाठीच. ही कल्पना जुनी आहे; सेनहायझरचा एचडी ४१४ हा पहिला ओपन-बॅक १९६८ साली आला आणि त्यांचा एचडी ६०० तर १९९७ पासून लोकांच्या कानावर आहे. जाळीतून हवा ये-जा करते, त्यामुळे आवाज कोंडत नाही, हार्मोनियम समोर ठेवलेली समोरच ऐकू येते, आणि तासाभराने कान भट्टीतून काढल्यासारखे होत नाहीत. पहिल्याच दिवशी माझा मंद्र मला केविलवाणा वाटला. तो तसाच होता. तीन-चार आठवड्यांत दम पुन्हा लावायला लागलो. तोटा उघड आहे: तानपुरा सगळ्या घराला ऐकू जातो आणि घरातलं सगळं तुम्हाला. माइकसमोर तर हा घालायचाच नाही, क्लिक धो धो गळतो. एकेजी के२४० सारखे सेमी-ओपनही मिळतात, पण गळतीच्या बाबतीत ‘थोडंसं उघडं दार’ म्हणजे उघडंच दार, असं माझं मत आहे.

हेडफोनच्या विद्युत अडथळ्याच्या, म्हणजे ओहमच्या, आकड्याने मी विनाकारण घाबरलो होतो. बायरडायनॅमिकचा डीटी ७७० प्रो ३२, ८० आणि २५० ओहम अशा तीन तऱ्हांनी मिळतो. सोनीचा एमडीआर-७५०६ ६३ ओहमचा, ऑडिओ-टेक्निकाचा एटीएच-एम५०एक्स ३८ ओहमचा. आकडा मोठा म्हणजे दर्जा मोठा, असं काही नसतं. मी एका मित्राचा २५० ओहमचा हेडफोन आणून फोनला लावला तर आवाज पूर्ण वाढवूनही तानपुरा मुंगीच्या पावलांनी येत होता. इंटरफेसला लावल्यावर तोच ठणठणीत. फोनवर तानपुरा लावून रियाज करणार असाल तर शंभरच्या खालचा आकडा बघा, आणि संवेदनशीलता, म्हणजे तेवढ्याच विजेवर हेडफोन किती मोठा वाजतो, तेही बघा, कारण दोन सारख्याच ओहमचे हेडफोन एका आवाजात वाजतीलच असं नाही.

वायर घेतली म्हणजे उशीर संपला, हाही माझा भाबडेपणाच. वायरमध्ये उशीर नसतो, पण कॉम्प्युटरमधून फिरून येणाऱ्या आवाजात असतो. कॉम्प्युटर सेकंदाला आवाजाचे ४८,००० नमुने (सॅम्पल) घेत असेल आणि एका वेळी २५६ नमुने साठवून (हा बफर) पुढे पाठवत असेल, तर त्यात ५.३ मिलिसेकंद जातात, तेही जाताना एकदा आणि येताना एकदा, वर थोडी भर. आवाज हवेत मिलिसेकंदाला सुमारे ३४ सेंटिमीटर जातो, म्हणजे स्वतःच्या तोंडापासून साडेतीन मीटर लांब उभं राहून गाणं ऐकल्यासारखं. हार्मोनियमला चालून जातं. गळ्याला नाही, कारण हाडांतून आलेला स्वर आधीच पोचलेला असतो आणि दोन्ही मिसळून आवाज पोकळ लागतो. माझ्या इंटरफेसवर डायरेक्ट मॉनिटरिंगचं बटण तीन महिने माझी वाट बघत होतं. ते दाबलं की माइकचा आवाज कॉम्प्युटरला वळसा न घालता सरळ कानात येतो. मात्र त्याच वेळी सॉफ्टवेअरमध्ये ट्रॅकचं मॉनिटरिंग बंद करायचं, नाहीतर दोन-दोन गायक ऐकू येतात.

टिकण्याबद्दल. क्लोज्ड-बॅकची रेक्झिनची पॅड सातव्या महिन्यात सोलवटायला लागली. गाऊन उठलो की कानाच्या पाळीवर काळे पापुद्रे. घामाने आणि दमट हवेने असलं रेक्झिन कधीतरी जातंच, पण इतक्या लवकर जाईल असं वाटलं नव्हतं. नवी पॅड मखमलीसारख्या कापडाची लावली. मऊ आहेत, चष्म्याला सोसतात, पण आवाज बदलला. खर्ज थोडा उतरला आणि गळती किंचित वाढली. पॅड म्हणजे नुसती गादी असं समजत होतो. कान आणि हेडफोनमधल्या कंपणाऱ्या पडद्यामधलं अंतर तीच ठरवते. पुढचा आठवडा जुनी, ओळखीची रेकॉर्डिंग ऐकून कान पुन्हा बसवण्यात गेला. वायर तीन मीटर लांब आणि न निघणारी आहे. खुर्चीचं चाक तिच्यावरून एकदा गेलं, आणि त्यानंतर मी ती दोरीसारखी गुंडाळून खुर्चीच्या पाठीला अडकवतो. पुन्हा घेतला तर वायर सुटी होणारा घेईन. गुंडाळीची वायर मात्र नको. ती सदऱ्याच्या कॉलरला घासते आणि तो खरखराट थेट कानात जातो.

आवाजाच्या पातळीचं मी आता मनावर घेतलंय. कामाच्या जागी ८५ डेसिबेल आठ तास ही मर्यादा बऱ्याच ठिकाणी मानतात, आणि अमेरिकेच्या एनआयओएसएच या कामाच्या जागची सुरक्षा-आरोग्य बघणाऱ्या सरकारी संस्थेच्या हिशोबाने दर ३ डेसिबेलला वेळ निम्मा होतो: ८८ ला चार तास, ९४ ला एकच तास. कुठल्या क्षणी किती डेसिबेल आहेत हे कानाला सांगता येत नाही, म्हणून सुरुवातीला, कान ताजे असताना, पातळी ठरवतो आणि नंतर वाढवत नाही. तानपुरा कमी वाटायला लागला की हात बटणाकडे न नेता दहा मिनिटं उठतो. परत आल्यावर तोच तानपुरा पुरेसा असतो.

मिक्सिंगबद्दल थोडक्यात. ओपन-बॅकवर केलेलं बरं लागतं, तरी हेडफोनमध्ये डावीकडचा आवाज फक्त डाव्या कानाला मिळतो आणि स्पीकरवर दोन्ही कानांना, हा फरक राहतोच. माझा रिव्हर्ब (आवाजाला दिलेली खोलीसारखी घुमक) हेडफोनवर माफक आणि स्पीकरवर गायब असतो. म्हणून शेवटचा निवाडा साध्या स्पीकरवर.

एकच घेणं शक्य असेल तर? माइकसमोर गायचं असेल तर क्लोज्ड-बॅक घ्या आणि रियाजात एक कान उघडा ठेवा. ओपन-बॅकने रेकॉर्डिंग होत नाही, पण क्लोज्ड-बॅकने रियाज जमवता येतो. नुसता रियाज असेल तर ओपन-बॅक, घरचे सोसणार असतील तर. विकत घेताना चष्म्यासकट वीस मिनिटं डोक्यावर ठेवा, आणि गाणं ऐकून बघण्याऐवजी त्यात स्वतः गुणगुणून बघा. विक्रेता बघत राहील, बघू दे.

माझ्याकडे सध्या क्लोज्ड-बॅक माइकच्या स्टँडला टांगलेला असतो आणि ओपन-बॅक हार्मोनियमवर. बहीण आली की हार्मोनियमवरचा नाहीसा होतो.