परसबागेत स्वीट कॉर्न लावावा की गावरान मका?

मृग लागला की ओळखीचं कुणीतरी हा प्रश्न विचारतंच. घरामागे आठ-दहा फुटांचा तुकडा मोकळा आहे, मका लावायचाय, बी कोणतं आणू? खरं तर मनात उत्तर ठरलेलं असतं: मुलांना आवडतो म्हणून स्वीट कॉर्न. माझं सांगणं असं, की बी आणण्याआधी गच्चीवर जाऊन चारी बाजूंना नजर टाकून या. आसपासच्या रानात मका उभा असेल, तर निम्मा निर्णय तिथेच होतो.

आमचं घर नाशिकच्या बाहेर, कुंपणाला लागून शेत. पहिल्या वर्षी मी भिंतीच्या कडेने एकाच ओळीत पंधरा झाडं स्वीट कॉर्नची लावली. पुरुषभर उंच झाली, कणसंही धरली. पहिलं कणीस सोललं तर निम्म्या जागा मोकळ्या, लहान मुलाचे दात पडावेत तशा. उकडून खाल्लं तर काही दाणे गोड आणि शेजारचेच काही जाड सालीचे, पिठूळ. बियाण्यात फसवणूक झाली असं आठवडाभर मनात होतं. बियाणं चोख होतं. एकच ओळ लावली हे चुकलं, आणि कुंपणापलीकडे जनावरांसाठी पेरलेला मका माझ्या मक्यासोबतच तुऱ्यावर आला, हे माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

मक्याचे पराग वाऱ्यावर जातात. शेंड्याच्या तुऱ्यातून ते झडतात आणि कणसाच्या टोकाला जे केस बाहेर लोंबतात त्यांच्यावर पडतात. त्यातला एकेक केस आत एकेका दाण्याला जोडलेला असतो. केसाला पराग मिळाला तर दाणा, नाही मिळाला तर रिकामी खाच. एकाच ओळीत लावलं तर पराग वाऱ्याबरोबर बाजूला निघून जातात. म्हणून मका कोणताही असो, तो चौकोनात लावायचा: निदान चार ओळी, ओळीत सहा झाडं. दोन ओळींत दोन फूट आणि दोन झाडांत साधारण नऊ-दहा इंच ठेवले, तर आठ फूट बाय पाच फुटांत चोवीस झाडं बसतात. एवढी जागा नसेल तर कणसाचा नादच सोडा.

आता गोडीचं. दुधीच्या दोन जाती शेजारी लावल्या म्हणून यंदाच्या दुध्याची चव बदलत नाही, कारण आपण फळाचा गर खातो आणि संकराचा परिणाम फक्त बीत उतरतो. मक्यात आपण बीच खातो, त्यामुळे परका पराग त्याच हंगामात दाण्यात दिसतो. स्वीट कॉर्नच्या केसावर गावरान मक्याचा पराग पडला, की तो दाणा साखर सोडून पिठाने भरतो. उलटं झालं तर गावरानचं काही बिघडत नाही, तो पिठाचाच राहतो. म्हणजे शेजारचा मका स्वीट कॉर्नला नडतो, गावरानला नाही. शंभर मीटरच्या आत मक्याचं शेत असेल तर मी बिनदिक्कत गावरान लावा म्हणेन. स्वीट कॉर्नच हवा असेल तर पेरणी अशी धरा, की तुमचे आणि शेताचे तुरे निदान पंधरा दिवस मागेपुढे येतील. शेतात पेरा झाल्याची तारीख विचारून घेतली की हे जमतं. शेतातल्या वाणाचे दिवसही विचारा, कारण काही वाण लवकर तुऱ्यावर येतात. आणि एकाच वाफ्यात अर्धा गोड, अर्धा गावरान हा मधला मार्ग तर मुळीच नको.

बी हातात घेतलं की दोघांतला फरक कळतो. गावरानचा दाणा टणक, भरलेला. बाजारातल्या बहुतेक स्वीट कॉर्नचं बी सुरकुतलेलं, हलकं, मनुक्यासारखं. अमेरिकेत जॉन लॉफनन या शास्त्रज्ञांनी १९५३ साली ज्या गुणावर काम प्रसिद्ध केलं, तो गुण असलेल्या दाण्यात साखर पुष्कळ आणि पीठ कमी असतं, म्हणून वाळल्यावर तो आक्रसतो. आजचे सुपरस्वीट वाण त्यातूनच आले. पण उगवणाऱ्या कोंबाला शिदोरी म्हणून हेच पीठ लागतं. त्यामुळे गावरान दोन इंचांवर टोकला तरी वर येतो, स्वीट कॉर्न इंचभरच टोकायचा. माती गार असेल, पाणी साचत असेल तर तो मातीतच कुजतो. रात्रभर भिजत घालू नका. आमच्याकडे डिसेंबर-जानेवारीच्या थंडीत लावलेला निम्माही उगवला नाही. थंडी ओसरल्यावर, फेब्रुवारीत लावलेला छान आला. पावसाळ्यात काळ्या जमिनीत वरंब्यावरच लावा. पाकिटातलं रंगवलेलं बी औषध चोळलेलं असतं, ते मुलांच्या हाती देऊ नका.

खत-पाण्याचं दोघांचं सारखंच. मका खादाड. लावताना शेणखत, गुडघ्याएवढा झाला की पुन्हा खत आणि बुंध्याला मातीची भर, तुरा दिसायला लागला की आणखी एकदा. तुरा आणि केस येण्याच्या त्या दोन आठवड्यांत पाण्याचा ताण पडू देऊ नका. अमेरिकन लष्करी अळीही दोघांना सारखीच खाते. भारतात ती २०१८ साली पहिल्यांदा दिसली आणि आता परसबागेतही येते. रोज सकाळी पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, डोकावा. भुश्यासारखी विष्ठा दिसली की आत अळी आहे. पंचवीस झाडांत हाताने वेचणं शक्य असतं, सोबत निंबोळी अर्क फवारा.

खरा फरक काढणीत. केस आल्यापासून वीसेक दिवसांनी ते तपकिरी होऊन वाळतात, तेव्हा टोकाकडचं पान जरा सोलून दाण्यात नख रुतवायचं. पाणी निघालं तर थांबा. पांढरा चीक उडाला तर कणीस तयार. चीक घट्ट, कणकेसारखा झाला तर उशीर झाला. स्वीट कॉर्नला हे चार-पाच दिवसच मिळतात, आणि एका दिवशी लावलेली चोवीस झाडं जवळपास एकदमच तयार होतात. त्याच आठवड्यात तुम्ही गावाला गेलात तर पीक गेलं. गावरान सांभाळून घेतो. चिकात असताना कीस करा, थोडा टणक झाला की निखाऱ्यावर भाजा, त्याहून पुढे गेला तर झाडावरच वाळू द्या आणि पीठ करा. घरात काढणीला हमखास कोण असेल, याचा विचार मी चवीच्याही आधी करते.

चवीत मी दोघांची तुलना करत नाही, कामं वेगळी आहेत. नुसतं उकडून किंवा कच्चं खायला स्वीट कॉर्नला तोड नाही. घरचं, तोडून तासाभरात खाल्लेलं कणीस आणि दुकानातलं प्लास्टिकमधलं कणीस यांत जमीन-अस्मान आहे. पण कीस करायला घेतला तर तो पाणी सोडतो आणि गुळचट होतो. निखाऱ्यावर गावरानचा दाणा खरपूस फुटतो, लिंबू-मीठ-तिखट त्याला नीट धरतं. घरात म्हातारी माणसं असतील आणि दातांचा त्रास असेल, तर मात्र स्वीट कॉर्नच बरा.

पुढच्या वर्षीचं बी हवं असेल तरी गावरान घ्या. शुगर ७५ सारख्या संकरित वाणाचं घरचं बी पुढे तसंच येत नाही. हैदराबादच्या माधुरी, प्रिया या गोड जाती संकरित नाहीत, त्यांचं बी मिळालं तर राखता येतं. राखताना एकाच मोठ्या कणसाचं न घेता आठ-दहा कणसांचे दाणे मिसळा, नाहीतर दोन-तीन पिढ्यांत झाडं खुजी होतात.

फ्लॅटच्या गॅलरीत चार-सहा कुंड्याच असतील तर स्वीट कॉर्न आणि गावरान दोन्हींच्या भरल्या कणसांचा विचार सोडा आणि बेबी कॉर्न करा. कणसाला केस फुटले की एक-दोन दिवसांत कोवळं कणीस तोडायचं. दाणा भरायचाच नसतो, त्यामुळे परागाची चिंता नाही, शेजारच्या शेताची नाही, आणि झाडं ओळीत असली तरी चालतं. तुरा दिसताच खुडून टाका, झाडाची ताकद कणसात जाते. एका झाडावर दोन-तीन बोटभर कणसं मिळतात. यंदा आमच्या गच्चीवर आठ कुंड्यांत तेच आहे. खालच्या वाफ्यात गावरान, कारण कुंपणापलीकडे जूनच्या तिसऱ्या आठवड्यात पुन्हा मकाच पेरलाय. स्वीट कॉर्नचं पाकीट फेब्रुवारीसाठी डब्यात राखून ठेवलंय.