बोगनवेल, अडेनियम, अनंत, जास्वंद, तामण: पुण्यातल्या घरी तिन्ही ऋतू सांभाळल्यानंतर

सगळ्या कुंड्या ओळीने मांडून रोज सकाळी एकाच पाइपने सारखं पाणी घालायचं असेल, तर ही झाडं एकत्र घेऊ नका. रोपवाटिकेत मला प्रत्येक झाडासाठी एकच सल्ला मिळाला होता, "ऊन द्या आणि रोज पाणी घाला." ऊन सगळ्यांना मानवलं. रोजचं पाणी मात्र निम्म्या झाडांना चालत नाही.

आधी आमच्याकडची परिस्थिती सांगते. गच्ची पश्चिमेकडे उघडी आहे, त्यामुळे दुपारपासून मावळतीपर्यंत कडक ऊन असतं. वापराचं पाणी बोअरचं आणि जड आहे, बादलीच्या कडेला पांढरा थर धरतो. गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर रोपं आणली आणि आता पुढचा पावसाळा आला आहे.

आपल्याकडे मिळणारी बरीच शोभेची रोपं आंध्रातून, राजमुंद्रीजवळच्या कडियम भागातून येतात. लांबच्या प्रवासात मुळं उघडी पडू नयेत म्हणून ती चिकट मातीच्या गोळ्यात बांधलेली असतात. हा गोळा एकदा वाळला की वरून घातलेलं पाणी कडेकडेने खाली निघून जातं. कुंडीखाली ओल दिसते, पण आतली मुळं कोरडीच राहतात. नवं रोप आणलं की मी ते पिशवीसकट पाण्याच्या बादलीत ठेवते, बुडबुडे यायचे थांबले की बाहेर काढते आणि मगच कुंडीत लावते. बोगनवेलीचा गोळा मात्र फोडू नये. तिची मुळं फार नाजूक असतात, तुटली की वेल कित्येक आठवडे बसून राहते.

बोगनवेलीवर मी बेहद्द खूश आहे. पावसाळ्यात नुसता पाला वाढला, एकही फूल नव्हतं. दिवाळीनंतर पाणी ताणलं, पानं किंचित मलूल दिसली की मगच घालायचं, असं ठरवून केलं आणि थंडीत वेल रंगाने भरून गेली. रंगीत दिसतात त्या पाकळ्या नव्हेत, ती फुलाभोवतीची पानंच असतात. खरं फूल म्हणजे मधली बारीक पांढरी नळी. म्हणूनच तो रंग इतके दिवस टिकतो. युरियासारखं नत्राचं खत देऊ नका, पाला माजतो. एक बहर सरला की शेंडे छाटायचे, कारण पुढची फुलं नव्या फुटव्यावर येतात. वाळलेला तो कागदी कचरा गच्चीच्या पन्हाळीत जाऊन बसतो, तो मेअखेरीस काढावाच लागतो.

अडेनियम मूळचं आफ्रिका आणि अरबस्तानातल्या कोरड्या मुलखातलं. ते आपलं पाणी फुगीर बुंध्यात साठवून ठेवतं. आठवड्यातून एकदा तो बुंधा अंगठ्याने दाबून पाहते. टणक लागला तर पाणी नाही. मऊ लागला आणि माती कोरडी असेल तर तहान, माती ओली असेल तर कूज. पावसाळाभर कुंडी पत्र्याखाली होती. मातीत निम्मी जाड वाळू आणि विटांचे तुकडे आहेत.

ऑगस्टमध्ये या झाडाची पानं एका रात्रीत फस्त व्हायला लागली. शोधल्यावर बोटाएवढी जाड हिरवी अळी सापडली, डोक्यामागे दोन निळे डोळ्यांसारखे ठिपके. कण्हेरीवर आणि तगरीवर येते तीच ही. तिचा पुढे देखणा हिरवा पतंग होतो. मी फवारणी केली नाही, अळी उचलून आवारातल्या मोठ्या तगरीवर सोडली. तगरीला चार पानं गेल्याचं काही वाटत नाही.

सगळ्यात जास्त लक्ष अनंताने घेतलं. हिवाळा संपता संपता कोवळी पानं पिवळी पडली, पण शिरा हिरव्याच राहिल्या. हे लक्षण नीट ओळखा. खालची जुनी पानं पिवळी पडली तर बहुधा खत कमी आहे. वरची नवी पानं अशी जाळीदार पिवळी झाली तर लोह कमी पडतंय. लोह मातीत असलं तरी जड पाण्याने माती अल्कधर्मी होते आणि मुळांना ते उचलता येत नाही. हिराकस, म्हणजे लोहाचं साधं खत, घालून थोडाच फरक पडला, कारण अशा मातीत तेही लवकर बांधलं जातं. चिलेटेड लोह, म्हणजे अशा मातीतही मुळांना उचलता येईल अशा रूपातलं लोह, दिलं, बोअरचं पाणी बंद करून नळाचं सुरू केलं, तेव्हा नवी पानं गर्द हिरवी आली. अनंताला माती कायम ओलसर लागते आणि दुपारच्या उन्हापासून आडोसा लागतो. जागा बदलल्यावर कळ्या गळायच्या थांबल्या. पहिलं फूल उमललं त्या संध्याकाळी घरभर वास होता. एवढी मेहनत करायची तयारी असेल तरच घ्या, पण तयारी असेल तर जरूर घ्या.

जास्वंदीबद्दल थोडक्यात. ऊन आणि खत भरपूर, पाणी उन्हाळ्यात रोज. शेंड्यांवर कापसासारखे पिठ्या ढेकूण दिसले की पाण्याचा जोरदार फवारा मारून निंबोळी अर्क फवारते. मुंग्यांचीही वाट अडवावी लागते, त्याच ढेकणांना जपतात.

घरापुढे जमिनीत तामण लावली आहे. महाराष्ट्राचं राज्यफूल, पण कोकणात ओढ्यांच्या काठी वाढणारं झाड, म्हणून पुण्यात पहिले काही उन्हाळे आळं भरून पाणी हवंच. खड्डा दोन फूट लांब, रुंद आणि खोल घेतला, भिंतीपासून चांगला लांब. फुलांबद्दल बोलायला अजून वेळ आहे. वाढ मात्र उत्तम आहे आणि मार्चमध्ये आलेली तांबूस पालवी पाहण्यासारखी होती. फुलं फांद्यांच्या टोकांना येतात, त्यामुळे उन्हाळ्याच्या तोंडावर शेंडे छाटायला माळ्याला आत्ताच मनाई करून ठेवली आहे.