मकरानच्या नोट्स : नकाशा टाकाऊ, इतिहास बरा, समाजाचं प्रकरण चुकलेलं

औरंगपुऱ्यातल्या एका झेरॉक्सच्या दुकानात मकरानवरच्या, म्हणजे पाकिस्तान-इराणच्या बलुच किनारपट्टीवरच्या नोट्सची स्पायरल बाइंडिंग केलेली प्रत मिळते. स्पर्धा परीक्षेची पोरं ग्वादर-चाबहार या बंदरांसाठी घेतात, एम.ए. इतिहासवाले टोळी समाजाच्या प्रश्नासाठी. पहिल्यांचं काम भागतं. दुसऱ्यांनी जपून.

कागद पातळ आणि पाठपोट छापलेला, हायलायटर मारला की मागे उमटतो. पेन्सिल वापरा. नकाशा झेरॉक्सची झेरॉक्स असल्यामुळे डोंगररांगा आणि सरहद्द यांचा गुंता झालाय. तो सोडा आणि कोऱ्या कागदावर स्वतः काढा. पूर्वेकडून पश्चिमेकडे सोनमियानी, ओरमारा, पसनी, ग्वादर, जिवानी. मग इराणची हद्द आणि पलीकडे चाबहार. किनाऱ्याला समांतर डोंगराच्या रांगा, त्यांच्यामागे केचचं खोरं आणि त्यात तुर्बत, अजून उत्तरेला पंजगूर. रांगा पूर्व-पश्चिम धावतात, म्हणून खोऱ्याखोऱ्यानं प्रवास जमतो, पण बंदरावरून आत शिरणं जड जातं. हे कळलं की पुढचं बरंचसं पाठ करावं लागत नाही.

इतिहासाचं प्रकरण पैसे वसूल करतं. इ.स.पू. ३२५ मध्ये सिकंदराच्या सैन्याचे इथे हाल का झाले, हे नीट दिलंय. सैन्यानं किनाऱ्याजवळून चालायचं, विहिरी खणायच्या, आरमारप्रमुख नीआर्कसच्या जहाजांसाठी धान्य ठेवायचं, असा बेत होता. आडव्या डोंगरांनी सैन्याला आत ढकललं आणि सैन्य आणि जहाजं यांची ताटातूट झाली. पोर्तुगीजांनी १५८१ मध्ये पसनी आणि ग्वादर जाळलं, तेही आहे. कलात या बलुच संस्थानाचा खान (राजा) पहिला नसीर खान आणि केचचं सत्ताधारी गिचकी घराणं यांच्यातली निम्म्या-निम्म्या वसुलीची वाटणी तर चांगलीच समजावलीय.

ग्वादरपाशी मात्र घसरण होते. ते १९४७ मध्ये पाकिस्तानात गेलं असं छापलंय. साफ चूक. मस्कतच्या गादीच्या भांडणातून पळून आलेल्या सुलतान बिन अहमदला नसीर खानानं १७८३ च्या सुमारास ग्वादरची वसुली चरितार्थासाठी लावून दिली. पुढे तोच मस्कतचा धनी झाला आणि बंदर ओमानकडेच राहिलं. पाकिस्ताननं ते १९५८ मध्ये तीस लाख पौंडांना विकत घेतलं. सौदा सप्टेंबरात ठरला, ताबा डिसेंबरात मिळाला. बहुपर्यायी प्रश्नात हा सापळा हमखास असतो.

तारेची लाईन एका ओळीत उरकलीय, हे खटकतं. १८६० च्या दशकात कराचीहून ग्वादरपर्यंत तार आली, तिथून समुद्राखालची केबल इराणच्या आखातात गेली. तिच्या राखणीसाठी इंग्रजांनी वाटेतल्या सत्ताधाऱ्यांना सालाना रकमा बांधून दिल्या. अमुक टापू कुणाचा, कलातच्या खानाचा की इराणच्या शहाचा, हा प्रश्न त्यातूनच टोकाला गेला आणि १८७१ मध्ये गोल्डस्मिड या इंग्रज अधिकाऱ्यानं सरहद्द आखली. बलुच मुलूख दोन देशांत का विभागला गेला, या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथे आहे.

आता समाजाचं प्रकरण. लेखकानं उत्तरेतल्या मरी-बुगटी या डोंगरी टोळ्यांचा सांगाडा उचलून किनाऱ्यावर बसवलाय : वर सरदार, खाली शाखा, त्याखाली उपशाखा, सगळे एकाच रक्ताचे आणि सरदाराच्या हाकेला धावणारे. मकरानात मात्र थर होते, आणि ते रक्तापेक्षा जमीन, पाणी आणि कामावर बेतलेले होते. वर गिचकी, नौशेरवानी अशी हाकीम (राज्य करणारी) घराणी. मधे जमीन राखणारे बलुच (रिंद, होत वगैरे टोळ्या). खाली किनाऱ्यावरचे मेद कोळी, शेतात राबणारे दर्झादा, लोहारकाम करणारे लोरी आणि गुलाम, ज्यांतले कित्येक आफ्रिकेतून समुद्रमार्गे आणलेले. खजुराच्या बागा आणि कारेझ (जमिनीखालून पाणी आणणारे बोगदे) यांना वर्षभर राबणारे हात लागतात. मेंढरं घेऊन फिरणाऱ्या डोंगरी टोळीची घडी तिथे बसत नाही. म्हणूनच सरदाराला पैसा देऊन अख्खी टोळी ताब्यात ठेवायची इंग्रज अधिकारी सँडेमनची पद्धत इथे तितकी लागू पडली नाही. १८९८ च्या इंग्रजांविरुद्धच्या गोक प्रोशच्या लढाईत बलुच खान नौशेरवानी पडला, ते प्रकरण याच अंगानं वाचावं.

कारेझची आकृती मात्र फार छान. डोंगराच्या पायथ्याची मूळ विहीर, तिथून बेताच्या उताराचा बोगदा, वर ठरावीक अंतरावर गाळ काढायची भोकं. नहर-ए-अंबरी या जुन्या भूमिगत पाणीयोजनेचे बंब बघितलेल्या संभाजीनगरकराला ती चटकन कळेल. उतार जास्त झाला तर पाणी माती कापतं आणि छत ढासळतं. कमी झाला तर गाळ साचतो. बोअर मारून पाण्याची पातळी खाली गेली की कारेझ कोरडं पडतं. मराठवाड्यात हे शेवटचं वाक्य कुणाला समजवायला नको.

झिक्री या मुस्लिम पंथाला दोनच ओळी, त्याही ढिल्या. तुर्बतजवळचं कोह-ए-मुराद हे त्यांचं मुख्य तीर्थ. गिचकी स्वतः झिक्री होते, त्यामुळे नसीर खानाच्या स्वाऱ्यांना धर्माचाही रंग होता, आणि हेच नोट्समध्ये नाही. काही अभ्यासक या पंथाचं मूळ जौनपूरच्या सय्यद मुहम्मदपर्यंत नेतात, म्हणजे त्याचे अनुयायी असलेल्या दख्खनमधल्या महदवींशी नातं जोडतात, एम.ए.च्या उत्तरात हे वापरता येईल. हिंगलाज मकरानात दाखवलीय, तीही चूक. आपल्याकडच्या भावसारांची ही कुलदेवी हिंगोल नदीकाठी, जाम घराण्याच्या लासबेल्यात आहे.

कलातच्या पाकिस्तानातल्या विलीनीकरणाचं, १९४८ चं पान हैदराबादशी तुलना करतं, पण मधली पायरी गाळतं. पाकिस्ताननं १७ मार्चला मकरान, खारान आणि लासबेला यांचं विलीनीकरण कलातला बाजूला ठेवून वेगळं मंजूर केलं. कलातचा समुद्र तुटला, आणि २७ मार्चला खानानं सही केली.

सगळी प्रत घेऊ नका. दुकानदाराला सांगितलं तर तो इतिहासाचं प्रकरण आणि कारेझचं पान तेवढं काढून देतो, पानाच्या दरानं. बाइंडिंगऐवजी कोपऱ्यात टाचणी मारून घ्या. स्पायरल इतकी घट्ट बसवलीय की आतल्या समासातले आकडे दिसत नाहीत.