ग्रीन टी की खोबरेल, पन्नाशीतल्या चेहऱ्याला काय बरं?

म्हापशाच्या बाजारातलं घाण्याचं खोबरेल आमच्या घरी आईपासून चालत आलंय, पण आता ग्रीन टी पण लावून बघतेय आणि खरं सांगू, दोघांचं कामच वेगळं आहे. खोबरेल ओलावा धरून ठेवतं, ताणलेली कातडी लगेच मऊ पडते, फक्त तेलकट चेहऱ्यावर पुळ्या येतात. ग्रीन टीत कॅटेचिन नावाची नैसर्गिक द्रव्यं असतात, त्यातलं मुख्य म्हणजे ईजीसीजी, ते उन्हाने त्वचेचं जे ऑक्सिडेशन, म्हणजे पेशींची झीज, होतं ती कमी करायला मदत करतं, आणि गोव्याच्या उन्हात सुरकुत्यांचं मोठं कारण तेच ना! पिशवी 3 मिनिटं गरम पाण्यात, पूर्ण गार करून कापसाने लावायचं, उरलेलं ठेवू नका, इथल्या दमट हवेत लगेच आंबतं. मी दिवसा ग्रीन टी, त्यावर सनस्क्रीन हवंच, रात्री डोळ्यांच्या कडेला दोन थेंब खोबरेल.